नासारियाची दोन वर्षं

माझी मोठी बहीण नासारिया आयुष्यात ज्या घरात सगळ्यांत जास्त राहिली, त्या घराला भिंती नव्हत्या. चार खांब, वर झावळ्यांचं छप्पर, खाली तुडवून घट्ट केलेली माती. शेजार म्हणाल तर झाडांच्या मुळांनी आवळलेली पडकी देवळं आणि दिवसभर बोंबलणारी माकडं. माणसाचं तोंड बघायचं तर खेचरावर बसून दीड दिवस खाली यावं लागे. तिथे ती दोन वर्षांसाठी गेली होती.

हे दोन वर्षांचं एवारिस्तो भावजींनी घरी आणलं. भावजी मुळातले रानातले. दोर बांधून झाडावर चढायचं, सालीला चिरा पाडून चीक गोळा करायचा, तो उकळून त्याचे ठोकळे पाडायचे, हा त्यांचा धंदा. परदेशातले लोक तो चघळायचे. मग त्यांनी चघळायला दुसरंच काहीतरी शोधून काढलं आणि आमच्या तळ्याकाठच्या निम्म्या पुरुषांचे हात रिकामे झाले. भावजींना रानातल्या वाटा पाठ होत्या, म्हणून पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी त्यांना आधी वाटाड्या म्हणून नेलं आणि पुढे चुनोशचा राखणदार केलं. चुनोश म्हणजे रानात बुडालेलं जुन्या लोकांचं गाव. टेकाडं, पायऱ्या, चौक आणि चौकात राजाचं चित्र कोरलेला एक उभा दगड, पुरुषभर उंचीचा. त्या काळात थडगी फोडणाऱ्यांचा आणि असे दगड कापून विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. खात्याने भावजींना टोपी दिली, बूट दिले आणि कोयता स्वतःचा आणा म्हणून सांगितलं.

"दोन वर्षं," भावजी ताईला म्हणाले. "मग तळ्याकाठी बदली. साहेबांनी शब्द दिलाय."

"दोन म्हणजे किती?"

"दोन म्हणजे दोन! हाताला बोटं नाहीत का तुला?"

"मला आहेत. साहेबाला आहेत का, तेवढं बघून या."

पण गेली. नवरा एकटा रानात गेला तर उकडलेले कंद खाऊन राहील आणि वर्षभरात मरेल, असं तिला वाटलं, आणि ते खरंही होतं. भावजींना पाणीसुद्धा करपवता येत असे. पोरांना घेऊनच गेली. रोमेलिया तेव्हा शाळेच्या वयाला आली होती आणि ओदोन अजून अंगावरून उतरायला तयार नव्हता.

पहिलाच पावसाळा पोरांनी कसाबसा काढला. ओदोनला ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. रोमेलियाच्या डोक्यात माशीने अंडी घातली आणि कातडीखाली अळी वाढली. ताईने तंबाखूचा लेप लावून ती पिळून काढली, पोरगी ओरडून ओरडून निळी पडली. पाऊस ओसरल्यावर ताई खेचराच्या पाठीवर दोघांना बसवून आमच्या दारात आली. आई तेव्हा नुकतीच गेली होती. घरात मी एकटी. माझं लग्न झालं नव्हतं, पुढेही झालं नाही. अंगणातल्या भट्टीत पाव भाजून मी माझं भागवत होते.

"ओतिलिया, शाळेपुरती ठेव यांना," ताई म्हणाली. "साहेब बदली करणार आहेत."

"ठेवते की. मला कोण आहे दुसरं?"

निघताना ती उंबऱ्यात थांबली. पोरं रडतील म्हणून तिने मन घट्ट केलं असणार. पण पोरांना समोर तळं दिसत होतं, भट्टीत गोड पाव होता, शेजारी खेळायला पोरं होती. रोमेलियाने पाव चावत हात हलवला आणि ओदोनने तोही नाही. ताई खेचर हाकत गेली. मला वाटलं, बरं झालं, रडारड झाली नाही. तिला काय वाटलं ते पुष्कळ वर्षांनी कळलं. "पोरं रडली असती," ती म्हणाली, "तर मी परत नेली असती."

बदली झाली नाही. ज्या साहेबांनी शब्द दिला होता त्यांचीच बदली झाली. नवे साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी खात्याकडे पैसे नव्हते. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी म्हणालं, एवारिस्तोसारखा दुसरा माणूस मिळत नाही. हे ऐकून भावजी खूश झाले आणि ताईने कपाळाला हात लावला. कारण तोवर एक वेगळीच गोष्ट झाली होती. भावजींना ते गाव आवडायला लागलं होतं. सकाळी उठून ते सगळ्या टेकाडांना फेरी मारायचे, वाढलेलं गवत काढायचे, पायऱ्यांवर उगवलेली रोपटी उपटायचे आणि त्या उभ्या दगडासमोर टोपी काढायचे.

"सवत आणली असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या," ताई म्हणायची. "याला काय करू?"

मी एकदाच गेले तिथे. रोमेलियाने चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतला तेव्हाचा फोटो ताईला दाखवायला, कारण तिला खाली येता आलं नव्हतं. खेचरवाल्याबरोबर गेले. वाटेत एवढे डास, की रागसुद्धा येईना. पोचले तेव्हा ताई पाट्यावर मका वाटत होती. मला बघून उठली नाही. "थांब, एवढा घाणा संपू दे," म्हणाली. मग फोटो पुढे केला तर हात पिठाचे, म्हणून घेईना. अंगावरच्या झग्याला हात पुसून पुसून तिने तो धरला आणि किती तरी वेळ बघत राहिली.

"बूट कुणाचे?"

"शेजारणीच्या पोरीचे."

"चावले असतील."

"चावले. पण बोलली नाही."

"माझ्यावर गेलीय," ताई म्हणाली आणि फोटो झावळ्यांत खोचून परत वाटायला बसली.

तिथे राहिले त्या चार दिवसांत मी बघितलं ते एवढंच: ती पाणी आणते, वाटते, भाजते, धुते आणि परत पाणी आणते. पाण्याचं डबकं जुन्या लोकांनीच कधीतरी खोदलेलं. पावसाळ्यात तुडुंब, वैशाखवणव्यात तळाला हिरवा गाळ. तो फडक्यातून गाळायचा, उकळायचा, मग तोंडाला लावायचा. मका संपला की रामोनच्या झाडाच्या बिया उकडून पिठात घालायच्या, भाकरी काळपट व्हायची. पाहुणेही कमी नव्हते. रानातून जाणारे चिकवाले, विकायला पानं तोडणारे, खात्याची माणसं, विद्यार्थी, जो येईल तो त्या छपराखाली बसायचा आणि जेवूनच उठायचा. कुणी विचारतही नसे, जेवण आहे का म्हणून.

तिचा स्वतःचा पाटा फुटला होता. चौकाच्या कडेला जुन्या लोकांचा एक दगडी पाटा मातीत अर्धा रुतलेला होता. तो तिने उकरून आणला होता. भावजींना ते अजिबात पटलेलं नव्हतं.

"ते सरकारचं आहे, नासारिया. त्यावर नंबर पडायचाय."

"पडू द्या. तोवर भाकरी पडू दे."

"साहेब आले तर काय सांगू मी?"

"साहेब आले की त्यांना म्हणावं, आधी जेवा. मग विचारते, कशी झाली होती भाकरी सरकारच्या पाट्यावरची."

भावजी पुटपुटत गेले. त्यांचं तिच्या कोंबड्यांशीही वाकडं होतं. एका देवळाची एकच खोली छपरासकट शाबूत होती. रानमांजरांपासून वाचवायला ताई तिथे कोंबड्या कोंडायची. "राजाच्या खोलीत कोंबड्या!" भावजी म्हणायचे. "राजा भाडं देतो का?" ताई विचारायची. दोघं भांडायची तेव्हाच काय ती त्या रानात माणसं राहतात असं वाटायचं.

परत निघताना मी तिला म्हटलं, "ताई, चल ना खाली. भावजी राहतील."

"पुढच्या पावसाच्या आधी येते," ती म्हणाली. मला खरं वाटलं, कारण तिलाही खरं वाटत होतं.

मग तो उन्हाळा आला. भावजी पगार आणायला खाली गेले होते. पगार स्वतः जाऊनच घ्यावा लागायचा, त्यामुळे जाऊन-येऊन आठवडा मोडायचा आणि तेवढे दिवस ताई एकटी. एका सकाळी खेचरांचा आवाज आला. तिला वाटलं, आले. आले ते पाच-सहा परके पुरुष, खांद्याला बंदुका, खेचरांवर करवती आणि गोणपाट.

त्यांचा म्होरक्या वयस्कर होता. त्याने टोपी काढली.

"मावशी, भिऊ नका. तुम्ही तुमचं काम करा, आम्ही आमचं करतो."

"माझा नवरा राखणदार आहे."

"माहीत आहे. म्हणून तर तो नसताना आलो. त्याला उगाच त्रास कशाला?"

त्यातल्या एकाचं पोट बिघडलं होतं. तो खांबाला टेकून पिवळा पडून बसला होता. ताईने त्याला मक्याची पातळ पेज करून दिली. मग बाकीचे म्हणाले, मावशी, आम्हालाही काहीतरी. तिने भाकऱ्या टाकल्या, घेवडा शिजवला. दोन दिवस ती माणसं होती तिथे आणि दोन्ही दिवस तिने रांधलं. ते चौकात त्या उभ्या दगडाचं तोंड कापत होते, पाठ तशीच ठेवून, कारण अख्खा दगड खेचरांना झेपला नसता. करवतीचा आवाज दाढेत जायचा, ती म्हणाली. आणि करवत तापू नये म्हणून ते तिच्या डबक्यातलं पाणी बादलीने ओतत होते.

तेव्हा मात्र ती गेली त्यांच्यावर चाल करून.

"ते पिण्याचं पाणी आहे! पावसाला दोन महिने आहेत अजून!"

"थोडंच लागेल, मावशी."

"थोडं? खाली बघ जरा, बेडूक पालथे पडलेत!"

म्होरक्या ओशाळला म्हणे. पण करवत थांबली नाही. जाताना त्यांनी तिच्यासाठी साखरेची पुडी ठेवली आणि आभार मानले. ज्याला पेज दिली होती त्याने तिच्या हाताचं चुंबन घेतलं. दगडाचं तोंड तुकड्यांत गोणपाटात बांधून ते उत्तरेकडे गेले. तो दगड कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही.

भावजी आले तेव्हा ताई डबक्याच्या गाळात खड्डा करून पाझर येण्याची वाट बघत बसली होती. भावजी चौकात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मग येऊन बसले.

"तू काहीच केलं नाहीस?"

"काय करायला हवं होतं?"

ताईने त्यांच्यापुढे जेवण ठेवलं. ते जेवले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच तिने वाढलेलं ताट परत उचललं.

खबर द्यावीच लागली. खात्याची माणसं आली, बरोबर पोलीस. एक तरुण साहेब ताईची चौकशी करत होता.

"तुम्ही त्यांना जेवण दिलंत?"

"दिलं."

"चोरांना?"

"त्यांच्याकडे बंदुका होत्या. आणि भुकेले होते."

"यातलं कोणतं कारण लिहू?"

"तुम्हाला कोणतं बरं वाटतं?" ताई म्हणाली. "साहेब, तुम्ही जेवलात का?"

तो जेवला. सगळे जेवले. मग भावजींना बरोबर घेऊन गेले, कारण राखणदार नेमका त्याच आठवड्यात खाली कसा, हे त्यांना संशयाचं वाटत होतं. भावजींनी पगाराचं सांगितलं. ते म्हणाले, खाली बोलू. भावजींना तालुक्याच्या कोठडीत ठेवलं.

"आणि मी?" ताईने विचारलं.

"तुम्ही थांबा. कुणीतरी येईलच."

महिना होऊन गेला तरी कुणी आलं नाही. ज्याच्यावर चोरीचा आळ त्याचीच बायको चोरीच्या जागेची राखण करत बसली, एकटी, गाळातलं पाणी पीत. मला हे कळलं तेव्हा मी खेचरवाल्याबरोबर निरोप धाडला: सोड सगळं आणि ये. तिचा उलटा निरोप आला: कोंबड्यांना कोण बघेल? मला इतका राग आला. आता वाटतं, तिला दुसरं काही सांगताच आलं नसेल.

भावजींवर काही सिद्ध झालं नाही. सुटले. मी मनात म्हटलं, नोकरी गेली, देव पावला. ताईनेही तेच म्हटलं होतं. भावजी सुटल्याचा निरोप मिळाल्याबरोबर तिने बोचकं बांधलं, भांडी गोणीत घातली, कोंबड्यांचे पाय बांधले आणि वाटेकडे डोळे लावून बसली. भावजी आले ते नवी टोपी घालून. त्यांच्या जागी जायला दुसरं कुणीच तयार झालं नव्हतं.

"परत?" ताई म्हणाली.

"परत."

तिने कोंबड्यांचे पाय सोडले.

त्यानंतर भावजी रानाच्या बाहेर पडलेच नाहीत. आपण गेलो म्हणून चोर आले, ही गाठ त्यांच्या मनात बसली ती बसली. मग पगार आणायला ताई यायला लागली. मला वाटलं, बरंच झालं, महिन्याला दोन दिवस तरी पोरं भेटतील. पहिल्यांदा ती आली तेव्हा रोमेलियाने तिला खुर्ची दिली, आणि मी पाहुण्यांसाठी ठेवलेला कडेला सोनेरी रेघ असलेला कप काढून त्यात कॉफी दिली. घरात आम्ही सगळे पत्र्याच्या पेल्यातून प्यायचो. ताईने तो कप बघितला. कॉफी प्यायली, कप स्वतः धुऊन ठेवला. ओदोन मला आई म्हणायचा. मी त्याला किती वेळा सांगितलं होतं, मावशी म्हण, म्हणून. ताई समोर असली की बिचारा दोघींनाही काहीच म्हणत नसे.

मधली वाईट वर्षं आली. रानात लष्कर फिरायला लागलं आणि लष्कर ज्यांना शोधत होतं तेही. एक टोळी जेवून गेली की दुसरी यायची. पहिले विचारायचे, ते आले होते का? दुसरे विचारायचे, हे आले होते का? ताई दोघांनाही सांगायची, "बाबांनो, मी चुलीकडे तोंड करून बसते. माझ्या पाठीला डोळे नाहीत." हे ती इतक्या कंटाळलेल्या आवाजात सांगायची की त्यांना खरं वाटायचं. जीव वाचला तो त्या कंटाळ्यानेच, असं मला नेहमी वाटतं. दुसऱ्या कुणाचा आवाज कापला असता.

भावजींच्या डोळ्यांत पडदा आला तेव्हा कुठे ते संपलं. त्यांना समोरची पायरी दिसेना. खात्याने आता तरुण राखणदार नेमले, पाळ्या लावल्या, रेडिओ दिला, पाण्याच्या टाक्या बसवल्या. जे ताईला कधी मिळालं नाही ते सगळं एका उन्हाळ्यात झालं. दोघं खाली माझ्याकडे राहायला आली. रोमेलिया तेव्हा शहरात परिचारिका झाली होती, ओदोन सीमेपलीकडे उत्तरेला कामाला गेला होता. दोन वर्षांसाठी गेलेली बाई परतली तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते आणि पुढचे दात नव्हते.

भावजी गावात रमले नाहीत. अंगणात झुल्यावर पडून असायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, चौकातलं गवत काढतात का? ताई त्यांना भरवायची, फिरवायची, आंघोळ घालायची. काही वर्षांनी ते झोपेत गेले. खात्याने मोठं फुलांचं चक्र पाठवलं आणि एक अधिकारी आला. त्याने सांगितलं की एवारिस्तोंनी एकट्याने आयुष्यभर तो वारसा जपला. मी ताईकडे बघितलं. ती बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. मी तिला कोपर मारलं नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की नऊ दिवस प्रार्थना असते आणि येणाऱ्या सगळ्यांना जेवण. नवव्या दिवशी ताई पहाटेपासून चुलीपुढे बसली होती. केळीच्या पानांत गुंडाळलेले, सारण भरलेले मक्याच्या पिठाचे गोळे हंड्यात शिजत होते, अंगणात निम्मं गाव बसलं होतं. रोमेलिया शहरातून आली होती. ती पडवीत उभी राहून आईकडे बघत होती. मला तिची नजर ठीक वाटली नाही.

"ऊठ तिथून," रोमेलिया म्हणाली.

"एवढा हंडा उतरवते."

"आई, ऊठ म्हणते ना! तेवीस वर्षं बघतेय. नाही, बघितलं कुठे? ऐकलंय नुसतं. शिपायांना भाकरी, चोरांना भाकरी, साहेबांना भाकरी. सगळ्या जगाला करून घातलीस. आम्हाला सोडून."

मी म्हटलं, "रोमी, आजचा दिवस तरी..."

"तू मधे पडू नकोस, मावशी. आमची आई तूच झालीस. माझं हिच्याशी बोलणं चाललंय." ती चुलीपाशी आली. "दगडांसाठी टाकलंस आम्हाला. कसले ते दगड!"

ताईने हातातलं फडकं खाली ठेवलं. रागावली नाही, रडली नाही. तिच्यात तेवढं उरलंच नव्हतं.

"दगडांसाठी नाही गं," ती म्हणाली. "मला वाटलं, दोनच वर्षं."

"दोन झाल्यावर?"

"मग वाटलं, पुढच्या वर्षी. दर वर्षी वाटायचं, पुढच्या वर्षी." तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "एकदम तेवीस म्हणून कुणी सांगितलं असतं, तर नसते गेले."

रोमेलिया परसात गेली. मी मागोमाग गेले तर तिने हात झटकला. ती त्याच दुपारच्या बसने शहरात निघून गेली. ताईने हंडा उतरवला आणि लोकांना वाढलं.

पुढे काही महिने दोघींत बोलणं नव्हतं. मग एक दिवस ट्रकमधून गॅसची शेगडी आली, सिलिंडरसकट. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. ट्रकवाला म्हणाला, शहरातल्या नर्सबाईंनी पाठवलीय. मला वाटलं, ताई म्हणेल, मला चूलच बरी. आमच्याकडच्या म्हाताऱ्या तसंच म्हणतात. ताईने शेगडीचं बटण फिरवून बघितलं, जाळ पेटला तशी दचकली आणि मग तिथेच खुर्ची ओढून बसली.

"लाकूड नाही?"

"नाही."

"धूर नाही?"

"नाही गं."

"मग इतकी वर्षं कुणी सांगितलं का नाही?" ती म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी तिने अंगणातली चूल फोडायला लावली. पाव भाजायची माझी भट्टी मी मोठ्या मुश्किलीने वाचवली.

गेल्या वर्षी खात्याचे लोक परत आले. चुनोशला आता चांगली वाट झाली आहे, पर्यटक जातात, तिथे भावजींच्या नावाची पाटी लावायची होती. आपल्या हस्ते व्हावं, असं ते ताईला म्हणाले. हेलिकॉप्टरने नेऊ, तासाभरात पोचाल.

"किती माणसं असतील?" ताईने विचारलं.

"असतील साठ-सत्तर."

"नको बाबा."

"का? तुम्हाला काहीच करायचं नाही तिथे."

"सगळे असंच म्हणतात," ताई म्हणाली. "मग दुपार होते."

ते हसले. ती थट्टा करत नव्हती. शेवटी ते माझ्याकडे वळले, तर मी म्हटलं, तिला नको म्हणजे नको. तिचा फोटो काढून घेऊन गेले.

रोमेलिया आता रविवारी येते. कधी दोन रविवार चुकतात, मग येते. त्या नवव्या दिवसाबद्दल दोघी बोलत नाहीत. ती ताईची नखं कापते, रक्तदाब बघते, माझ्यावर ओरडते की हिला इतकं मीठ का देतेस. परवाच्या रविवारी पीठ मळून स्वतःच शेगडीपाशी उभी राहिली. शहरात राहून तिचा हात बिघडलाय. भाकरी एकीकडे जाड, एकीकडे पातळ. ताई टेबलाशी बसली होती, हात मांडीवर, वाट बघत. असं तिला बसलेलं मी फार कमी वेळा बघितलंय.

"जाड झालीय," पहिला घास घेऊन ताई म्हणाली.

"खा मुकाट्याने."

"खातेय की. सांगितलं नुसतं."

"दुसरी पातळ करते."

रोमेलियाने दुसरी थापायला घेतली, पातळ करण्याच्या नादात फाडली, पुन्हा गोळा केला. ताईने पहिली सगळी संपवली. दुसरी तव्यावर फुगत होती तोवर डोळा लागून तिची मान छातीवर आली. रोमेलिया भाकरी घेऊन वळली आणि तशीच उभी राहिली.

"उठवू का?" तिने मला हळूच विचारलं.

"नको. मला दे ती."

"तुला नाही. तिची आहे," रोमेलिया म्हणाली. तिने भाकरी फडक्यात गुंडाळली, ताईपुढे ठेवली आणि पुढची थापायला घेतली.